व्हॅक्युम पंपाची बॉडी : अखंड घ्यावी की जोडाची?

सूत आणि कापडाच्या व्यवसायातील आपले बंधू व्हॅक्युम पंप घेताना साधारणपणे तीन गोष्टी विचारतात : मोटार किती हॉर्सपॉवरची, पंप तासाला किती हवा ओढतो आणि किंमत किती. हे तिन्ही प्रश्न योग्यच आहेत. परंतु चौथा एक प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही, आणि पुढे पाच-सात वर्षे खर्च ठरविणारा प्रश्न तोच असतो. पंपाची बॉडी कोठे कोठे उघडते, आणि उघडल्यावर झिजलेला भाग तेवढाच बदलता येतो की सगळा पंपच भंगारात घालावा लागतो? प्रस्तुत लेखात आम्ही या एकाच प्रश्नाचा विचार करणार आहोत.

आम्ही कापडाचे व्यापारी. यंत्रे बनविणे हे आमचे काम नव्हे. मात्र रंगविलेल्या ताग्यावर पट्टे दिसले की गिऱ्हाईक तो तागा आमच्याच पेढीवर परत आणते. त्या पट्ट्यांचे मूळ शोधू लागलो की पुष्कळदा ते सुताच्या स्टीमिंगपर्यंत आणि तेथून व्हॅक्युम पंपापर्यंत जाऊन पोहोचते. म्हणून व्यापाऱ्यालाही या यंत्राची तोंडओळख असणे जरुरीचे आहे.

निर्वात म्हणजे काय?

आपल्या सभोवतालची हवा प्रत्येक वस्तूवर दाब देत असते. समुद्रसपाटीवर हा दाब ७६० मिलिमीटर उंचीच्या पाऱ्याच्या स्तंभाएवढा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो असतो. इटलीच्या टॉरिचेल्लीने १६४३ साली पाऱ्याच्या नळीने हा दाब दाखवून दिला. पुढे जर्मनीत ओटो फॉन गेरिके याने हवा काढणारा पंप बनविला आणि १६५७ साली माग्डेबुर्ग शहरात तांब्याचे दोन अर्धगोल एकमेकांना लावून त्यांतील हवा काढली. दोन्ही बाजूंना घोडे जुंपूनही ते अर्धगोल सहजी वेगळे होईनात. त्यांना कोणी चिकटविले नव्हते. बाहेरच्या हवेनेच ते दाबून धरले होते.

यापूर्वी सुमारे साडेचार शतके, दियारबकर येथील अर्तुकी दरबारातील कारीगर अल-जझरी यांनी १२०६ साली पूर्ण केलेल्या आपल्या ग्रंथात दोन सिलिंडरांच्या पंपाचे वर्णन केले होते. तो पंप नळीवाटे पाणी ओढून वर ढकलीत असे. तो हवेचा पंप नव्हता, पाण्याचा होता. तरी ओढण्याची नळी, ढकलण्याची नळी आणि पाणी परत जाऊ न देणारी झडप ही त्यातील मांडणी आजच्या कारीगरालाही ओळखीची वाटेल.

येथे एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवतो. जितके उंच जावे तितका हवेचा दाब कमी होतो. मालेगाव समुद्रसपाटीपासून सव्वाचारशे मीटरहून थोडे अधिक उंचीवर आहे. तेथे हवेचा दाबच मुळी ७२० मिलिमीटरच्या आसपास असतो. त्यामुळे भिवंडीत ज्या पंपाचा काटा ६९० दाखवितो, तोच पंप मालेगावला ६५० दाखवील. पंप बिघडला असे समजून त्याची बॉडी खोलण्यापूर्वी एवढा हिशेब करावा.

सुताच्या धंद्यात हा पंप कशासाठी?

जास्त पिळाचे सूत मोकळे सोडले की ते आपल्याभोवती गुंडाळते, गाठी पडतात आणि मागावर तुटते. म्हणून सुताच्या कोनांना बंद टाकीत वाफ देऊन पीळ बसविला जातो. कोन घट्ट गुंडाळलेला असतो आणि त्याच्या थरांमध्ये हवा अडकलेली असते. ही हवा न काढता वाफ सोडली तर वाफ बाहेरच्या थरांना लागते, आतले थर कोरडेच राहतात. एकाच कोनातील बाहेरचे सूत एक प्रकारचे आणि आतले दुसऱ्या प्रकारचे होते. कोऱ्या कापडात हा फरक दिसत नाही. रंगाच्या हौदातून कापड बाहेर आले की पट्ट्यांच्या रूपाने उघडा पडतो.

म्हणून आधी पंपाने टाकीतील हवा काढतात आणि मग वाफ सोडतात. चांगल्या कामात हे चक्र दोनदा करतात. शिवाय दाब कमी केल्याने वाफेचे तापमानही हाती राहते. टाकीतील दाब ३५५ मिलिमीटर ठेवला तर वाफ ८० अंश सेल्सिअसची मिळते आणि १५० मिलिमीटर ठेवला तर ६० अंशांची. सुताच्या जातीप्रमाणे जे तापमान हवे ते ठेवता येते. अर्थात पंप दाब नीट धरू शकला तरच.

प्रोसेस हाऊसमध्येही ओले कापड सुकविण्याच्या यंत्रात जाण्यापूर्वी एका फटीवरून नेऊन त्यातील पाणी व्हॅक्युमने ओढून घेतात. जितके पाणी असे निघून जाईल तितके सुकविण्याचे इंधन वाचते. याखेरीज अन्नपदार्थांचे पॅकिंग, औषधे, रसायने, प्लास्टिक अशा अनेक उद्योगांत हे पंप लागतात. तेव्हा पुढील विवेचन केवळ सूतवाल्यांपुरते नाही.

पंपाच्या पोटात काय असते?

आपल्याकडे स्टीमिंगसाठी प्रामुख्याने वॉटर रिंग पंप वापरतात. त्याची रचना थोडक्यात अशी :

गोल बॉडीमध्ये पात्यांचा एक पंखा असतो, त्यास इंपेलर म्हणतात. हा इंपेलर बॉडीच्या बरोबर मध्यभागी नसून थोडा एका बाजूस बसविलेला असतो. बॉडीत पाणी सोडलेले असते. इंपेलर फिरू लागला की पाणी भिंतीकडे फेकले जाते आणि त्याचे एक कडे तयार होते. इंपेलर एका बाजूस असल्यामुळे दोन पात्यांमधील मोकळी जागा अर्ध्या फेऱ्यात वाढते आणि अर्ध्या फेऱ्यात घटते. वाढताना हवा आत ओढली जाते, घटताना बाहेर ढकलली जाते. हवा आत येण्याची आणि बाहेर जाण्याची छिद्रे बाजूच्या सपाट तबकडीत असतात. तिला पोर्ट प्लेट म्हणतात.

म्हणजे मुख्य भाग असे झाले : मधली बॉडी, इंपेलर, शाफ्ट, दोन बाजूंच्या पोर्ट प्लेट व कव्हरे, शाफ्टभोवतीचे सील किंवा पॅकिंग, आणि बेअरिंगची घरे. इंपेलरचा चेहरा आणि पोर्ट प्लेट यांमध्ये अगदी बारीक फट असते. पोस्टकार्ड सरकेल न सरकेल एवढीच. पंपाची सगळी ताकद या फटीत आहे. ती वाढली की ढकललेली हवा त्या फटीतून परत मागे येते.

झीज कोठे होते आणि तिची किंमत काय?

सगळा पंप एकाच वेळी झिजत नाही, ही या लेखातील मुख्य गोष्ट आहे. बेअरिंगची घरे आणि बाहेरची कव्हरे नीट सांभाळली तर वर्षानुवर्षे टिकतात. झिजतात त्या पोर्ट प्लेटा, इंपेलरच्या कडा, सील आणि काही वेळा मधल्या बॉडीची आतली भिंत. बोअरच्या पाण्यातून आलेली वाळू त्यांना घासते. जड पाण्याचा क्षार बसून फट बुजते आणि इंपेलर घासू लागतो. पाणी गरम झाले तर कमी दाबाखाली ते पंपाच्या आतच उकळते. त्याचे बुडबुडे फुटताना धातूवर बारीक खड्डे पडतात आणि पंपातून खडे फिरल्यासारखा आवाज येतो.

पाण्याच्या तापमानाचे महत्त्व आकड्यांवरून ध्यानात येईल. १५ अंशांच्या पाण्याची वाफ १३ मिलिमीटर दाब देते, ३० अंशांच्या पाण्याची ३२ मिलिमीटर आणि ४० अंशांच्या पाण्याची ५५ मिलिमीटर. वॉटर रिंग पंप या मर्यादेच्या खाली कधीही जाऊ शकत नाही. उन्हाळ्यात तेच ते पाणी टाकीतून फिरवले आणि ते ४० अंशांवर गेले, तर नवा कोरा पंपसुद्धा सुस्त होतो. म्हणून दोष बॉडीवर लावण्यापूर्वी पाण्यात हात घालून पाहावा.

आता झिजेची किंमत पाहू. समजा, स्टीमिंगची टाकी ३ घनमीटरची आहे आणि पंप तासाला १५० घनमीटर हवा ओढतो. गळती आणि पाईपचा अडथळा बाजूला ठेवला तर टाकीतील दाब ७६० वरून ७६ मिलिमीटरवर, म्हणजे एक-दशांशावर आणण्यास सुमारे पावणेतीन मिनिटे लागतात. फट वाढून त्याच पंपाची ओढ ९० घनमीटरवर आली तर तेवढ्याच कामास ४.६ मिनिटे लागतात. दर वेळी पावणेदोन मिनिटांहून थोडे जास्त वाया जाते. हा आकडा क्षुल्लक वाटतो. पण एका खेपेस दोनदा हवा काढावयाची आणि दिवसात बारा खेपा करावयाच्या, तर रोज चोवीस वेळा मिळून पाऊण तासाच्या आसपास वेळ गेला. २६ दिवसांच्या महिन्यात सुमारे १९ तास. मोटारीची वीज आणि बॉयलरचे इंधन त्या वेळात चालूच असते.

याहून मोठी हानी दुसरीच आहे. कामगार घड्याळ पाहून काम करतो. त्याला तीन मिनिटांची सवय असते. तीन मिनिटे झाली की तो वाफेचा व्हॉल्व उघडतो. हवा पुरती निघालेली नसते, आणि पुढे जे पट्टे उठतात त्यांचा जाब आपल्याला गिऱ्हाइकास द्यावा लागतो.

जोडाची बॉडी म्हणजे काय?

आपला साधा पॉवरलूम पाहा. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीत अनेक दशके जुने माग आजही खडखडत आहेत. ते मोडत नाहीत असे नाही. पिकर फाटतो, धोटा फुटतो, फणी खराब होते, चाकाचे दात जातात. तरी माग टिकतो, कारण त्याचा प्रत्येक भाग सुटा आहे, तो ठरलेल्या मापाचा आहे आणि गल्लीच्या तोंडावरच्या दुकानात मिळतो. भाग आणला, बसविला, माग सुरू. मागाचे दीर्घायुष्य त्याच्या लोखंडापेक्षा त्याच्या सुटेपणात आहे.

पंपाच्या बॉडीतही हाच विचार केला म्हणजे ती जोडाची अथवा मॉड्युलर बॉडी झाली. बॉडीचे भाग पाडताना तीन नियम पाळले जातात.

पहिला नियम : जेथे झीज तेथे जोड. झिजणारा भाग आणि टिकणारा भाग एकाच ओतीव तुकड्यात ठेवू नये. पोर्ट प्लेट कव्हरातच ओतलेली असेल तर ती झिजल्यावर सगळे कव्हर टाकावे लागते. ती वेगळी, स्क्रूने बसविलेली असेल तर तेवढीच बदलते.

दुसरा नियम : जेथे पाणी आणि रसायन लागते तेथे वेगळा धातू घालता यावा. बॉडी साध्या बिडाची ठेवून फक्त इंपेलर आणि पोर्ट प्लेटा स्टेनलेस स्टीलच्या किंवा इंपेलर ब्राँझचा घेता येतो. सगळा पंप स्टेनलेस स्टीलचा घेण्यापेक्षा हे पुष्कळ स्वस्त पडते.

तिसरा नियम : एका कुटुंबातील पंपांना सामाईक भाग असावेत. समजा, कारखानदार चार क्षमतांचे पंप बनवितो आणि प्रत्येकात सहा प्रमुख भाग आहेत. प्रत्येक पंप वेगळाच आखला तर चोवीस प्रकारचे भाग झाले. पण त्याने कव्हर, बेअरिंगचे घर आणि सीलचे घर चारही पंपांत एकच ठेवले आणि केवळ मधली बॉडी, इंपेलर व शाफ्ट यांची लांबी बदलली, तर चार गुणिले तीन म्हणजे बारा आणि सामाईक तीन, असे पंधरा प्रकार पुरतात. विक्रेत्याला कमी भांडवलात सगळा माल ठेवता येतो, आणि आपल्याला हवा तो भाग लवकर मिळतो. पुढे काम वाढले तर मधला भाग, इंपेलर आणि शाफ्ट बदलून क्षमता वाढविण्याची सोयही काही पंपांत असते. मोटार त्या भाराला पुरेल किंवा कसे, हे मात्र आधी पाहावे लागते.

पाणी किंवा तेल न वापरणाऱ्या कोरड्या स्क्रू पंपांतही हा विचार पुढे गेला आहे. काही पंपांत दोन्ही स्क्रू एकाच बाजूच्या बेअरिंगवर तोललेले असतात. दुसऱ्या बाजूने बॉडी एखाद्या टोपीसारखी ओढून काढता येते. गिअर आणि बेअरिंग जागचे न हलविता आतली घाण साफ करता येते. कामाच्या जागीच सफाई झाल्यामुळे पंप दुरुस्तीस परगावी पाठवावा लागत नाही.

चांगला जोड कसा ओळखावा?

भाग सुटे केले एवढ्याने बॉडी चांगली होत नाही. वाईट जोडापेक्षा अखंड बॉडी बरी. पुढील गोष्टी यंत्र उघडून पाहाव्यात.

१) जागा ठरविण्याचे काम बोल्टचे नव्हे. बोल्टचे छिद्र बोल्टपेक्षा मोठे असते, म्हणून बोल्ट घट्ट केल्यावरही कव्हर इकडेतिकडे सरकलेले असू शकते. एका भागावर कोरलेला गोल कठडा दुसऱ्या भागाच्या खाचेत तंतोतंत बसला पाहिजे, किंवा दोन डॉवेल पिनांनी जागा निश्चित झाली पाहिजे. बोल्टांनी फक्त दाबून धरावे. ही सोय नसेल तर प्रत्येक वेळी खोलल्यावर इंपेलर वेगळ्याच जागी बसेल आणि घासेल.

२) हवा रोखण्याची व्यवस्था मापाची असावी. खाचेत बसणारी रबरी ओ-रिंग असेल तर दोन्ही धातू एकमेकांना प्रत्यक्ष टेकतात आणि आतली फट बदलत नाही. कागदी गॅस्केट असेल तर त्याची जाडी हीच फटीचा भाग असते. मिस्त्रीने जाड गॅस्केट कापून बसविला की फट वाढली, पातळ बसविला की इंपेलर घासला. म्हणून गॅस्केट बनविणाऱ्याने दिलेल्या जाडीचाच हवा.

३) भाग वेगळा करण्यासाठी आटे पाडलेली छिद्रे असावीत. त्यांत बोल्ट पिळला की कव्हर आपोआप सुटते. ही छिद्रे नसली की मिस्त्री जोडात छिन्नी घालून हातोडा मारतो, आणि एका फटक्यात तो जोड कायमचा गळका होतो.

४) कव्हर वाकू नये इतके जाड, अथवा मागून फासळ्या दिलेले असावे. ३० सेंटिमीटर व्यासाच्या कव्हरावर आत निर्वात असताना बाहेरची हवा सुमारे सातशे किलोंचा भार टाकते. कव्हर त्याने फुटणार नाही, पण किंचित जरी आत वाकले तरी बारीक फट नाहीशी होते.

५) धातूंचा मेळ जुळावा. तापल्यावर अॅल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट वाढते. ३०० मिलिमीटर लांबीचा भाग ६० अंशांनी तापला तर बिडाचा भाग जेमतेम ०.२ मिलिमीटर वाढेल आणि अॅल्युमिनियमचा ०.४ मिलिमीटरच्या आसपास. एवढा फरक सगळी फट खाऊन टाकण्यास पुरेसा आहे. म्हणून स्वस्त मिळाला म्हणून दुसऱ्या धातूचा भाग परस्पर बसवू नये.

६) मोटार बाजारात मिळणाऱ्या ठरलेल्या मापाची असावी. पंपाच्या शाफ्टलाच जोडलेली खास मोटार असेल तर मोटार जळाल्यावर पुन्हा त्याच एका दुकानाचा दरवाजा ठोठवावा लागतो.

जोडाची दुसरी बाजू

जोडाच्या बॉडीचे गुण सांगितले, आता दोषही सांगणे न्यायाचे ठरेल. प्रत्येक जोड ही गळतीची एक संभाव्य जागा आहे. शिवाय प्रत्येक भागात मापाची थोडी सूट असते. चार भाग एकापुढे एक जोडले की चार सुटी एकत्र येतात. म्हणून जोडाच्या पंपाचे भाग अधिक काटेकोर कातावे लागतात आणि तो पहिल्या दिवशी महाग पडतो.

ज्याचा पंप लहान आहे, दिवसातून तासभरच चालतो आणि पाणी स्वच्छ आहे, त्याला साधा अखंड पंप परवडेल. ज्याचा पंप दोन-तीन पाळ्यांत चालतो, पाणी जड आहे आणि पंप बंद म्हणजे सगळे स्टीमिंग बंद, त्याने मात्र जोडाचाच घ्यावा. हिशेब किमतीचा न करता बंद राहणाऱ्या दिवसांचा करावा. पोर्ट प्लेट बदलण्यास एक दिवस लागतो आणि सगळा पंप मागवण्यास पंधरा दिवस, तर मधल्या चौदा दिवसांची मजुरी, बँकेचा हप्ता आणि गिऱ्हाइकाला दिलेला शब्द यांची किंमत पंपाच्या बिलात कोठेच छापलेली नसते.

गळतीची परीक्षा सोपी आहे. टाकीत व्हॅक्युम घ्यावे, पंपाकडचा व्हॉल्व बंद करून पंप थांबवावा आणि काटा दहा मिनिटे पाहावा. काटा झपाट्याने पडला तर गळती टाकीत, तिच्या दरवाजाच्या रबरात किंवा पाईपात आहे. काटा स्थिर राहिला आणि तरीही पंपास वेळ लागत असेल तर दोष पंपाकडे आहे. काटा पडतच असेल, तर आधी ती गळती काढावी आणि मग पंपाकडे वळावे. पंपाचे तोंड बंद करून तो एकटा चालविण्याची चाचणीही करतात. मात्र वॉटर रिंग पंप तसा अगदी थोडाच वेळ चालवावा, अन्यथा पाणी उकळून इंपेलरला खड्डे पडतात. आणि बॉडी खोलण्यापूर्वी विजेचा मेन स्विच काढून ठेवणे, वाफ बंद करणे आणि आत हवा सोडून काटा शून्यावर आणणे, या तीन गोष्टींत घाई करू नये. यात माणसाच्या हातापायाचा प्रश्न असतो.

नमुन्यावरून ओतलेला भाग

कोल्हापूर, इचलकरंजी, बेळगाव या पट्ट्यात ओतकामाचे कारखाने पुष्कळ आहेत आणि तेथील कारीगरांचा हात चांगला आहे. तरीही जुना झिजलेला भाग देऊन असाच दुसरा ओतून द्या असे सांगणे धोक्याचे आहे. वितळलेले बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसते. जुना भागच साच्यात दाबला तर ३०० मिलिमीटरच्या जागी २९७ मिलिमीटरचा भाग हाती येतो. त्यात कातण्यासाठी जादा धातू मिळत नाही तो वेगळाच. शिवाय जुन्या भागाची झीजसुद्धा नव्यात जशीच्या तशी उतरते.

योग्य रीत अशी की पंप नवा असतानाच त्याच्या झिजणाऱ्या भागांची मापे व रेखाचित्रे विक्रेत्याकडून मागून घ्यावीत. ती मिळत नसतील तर जाणकाराकडून मापे घेऊन कागदावर उतरवून ठेवावीत. ओतकाम करवून घेताना धातूचा दर्जा लिहून द्यावा. भारतीय मानक आय.एस. २१० मध्ये बिडाचे एफ.जी. २००, एफ.जी. २६० असे दर्जे ठरवून दिलेले आहेत. 'चांगले बीड' असे तोंडी सांगण्यास बाजारात काही अर्थ नाही.

सौद्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

१. पोर्ट प्लेट बॉडीपासून वेगळी निघते काय?
२. सील बदलण्यासाठी सगळा पंप खोलावा लागतो की बाहेरून बदलता येते?
३. याच कंपनीच्या इतर पंपांना यातील कोणते भाग चालतात?
४. झिजणारे भाग कोणते, त्यांची आजची किंमत काय आणि ते किती दिवसांत मिळतील? हे लेखी द्याल काय?
५. इंपेलर आणि पोर्ट प्लेटमधील फट किती असावी? ती किती झाल्यावर भाग बदलावा?
६. बॉडीतील पाणी पूर्ण काढण्यासाठी सर्वांत खाली प्लग आहे काय?
७. क्षमतेचा आकडा कोणत्या दाबावर आणि किती तापमानाच्या पाण्यावर मोजलेला आहे?

जुन्या मालाच्या बाजारातून, मग तो माल आलंगच्या जहाजतोडणीतून आलेला असो वा मुंबईच्या दारूखान्यातून, पंप घ्यावयाचा असेल तर एक प्रश्न आणखी : आमच्यासमोर कव्हर उघडून दाखवाल काय? बाहेरून नवा रंग मारलेला पंप आतून कसा आहे हे रंग सांगत नाही. जोडाच्या बॉडीचा हाही एक लाभ आहे. ती उघडून दाखविता येते आणि पुन्हा होती तशी बंद करता येते.

विकणाऱ्याची जबाबदारी

प्रेषित मुहम्मद (स.) एकदा मदिनेच्या बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला. वरचे धान्य कोरडे होते, आतले ओले लागले. पावसाने भिजले असे विक्रेत्याने सांगितले. तेव्हा ओले धान्य वर का ठेवले नाहीस, म्हणजे लोकांना दिसले असते, असे त्यांनी त्याला विचारले आणि फसवणूक करणारा आमच्यातला नव्हे असे बजावले. हा प्रसंग आपण वयाच्या लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

पंपाची बॉडी ही त्या ढिगासारखीच झाकलेली वस्तू आहे. आतली फट, झिजलेली प्लेट, खड्डे पडलेला इंपेलर हे सर्व कव्हराच्या आड असते. आमच्या बंधूंपैकी जे यंत्रांची खरेदी-विक्री किंवा दुरुस्ती करतात त्यांनी विकतानाच कव्हर उघडून दाखवावे, फटीचे माप बिलावर लिहावे आणि जो भाग लवकर बदलावा लागणार आहे तो आधीच सांगावा. सौदा कदाचित चार पैशांनी कमी होईल. पण तो स्वच्छ होईल, आणि गिऱ्हाईक पुढचा पंप घ्यावयास त्याच दुकानी येईल.

विकत घेणाऱ्यांनीही आपले काम करावे. पुढच्या सुट्टीच्या दिवशी आपल्या पंपाचे माहितीपुस्तक काढावे, झिजणाऱ्या भागांची यादी करावी आणि सीलचा एक जोड, ओ-रिंगांचा एक संच व पोर्ट प्लेटांची एक जोडी कपाटात आणून ठेवावी. माग चालविणारा प्रत्येक जण धोटा आणि पिकर जादा ठेवतो. पंपाच्या बाबतीत तीच सवय लावून घेतली तर टाकी वेळेवर भरेल, सुताचा पीळ सारखा बसेल आणि रंगाच्या हौदातून निघालेला तागा परत येणार नाही.